साथीचं गणित: मुंबईचा प्लेग आणि अमरावतीचा फेब्रुवारी

साथरोगांच्या गणितावरची पाठ्यपुस्तकं चाळली, तर पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात एक आलेख वारंवार भेटतो. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर मृत्यू. थोडे ठिपके, आणि त्या ठिपक्यांमधून जाणारी एक सुबक, घंटेच्या आकाराची रेघ. खाली लिहिलेलं असतं: मुंबई बेटावरचा प्लेग, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६.

आलेख १९२७ सालच्या एका पेपरमधला आहे. २०२० मध्ये आपण सगळेच घरबसल्या साथरोगतज्ज्ञ झालो होतो, "कर्व्ह", "पीक", "हर्ड इम्युनिटी" हे शब्द भाजीवाल्याच्याही तोंडी होते. त्या सगळ्याच्या मुळाशी जी समीकरणं आहेत, त्यांची पहिली प्रसिद्ध परीक्षा मुंबईत मेलेल्या माणसांच्या आकड्यांवर झाली होती. मराठी माणसाला हे सहसा ठाऊक नसतं. मलाही कोविडच्या काळातच कळलं.

पण निव्वळ "बघा, आपली मुंबई किती महत्त्वाची" एवढं सांगायला हा लेख नाही. गंमत (गंमत कसली म्हणा) अशी आहे की ती रेघ ठिपक्यांमधून फार छान जाते, आणि पुस्तक वाचून आपल्याला वाटतं त्या कारणाने ती जात नाही. पुढे एका शतकाने त्याच घराण्यातल्या एका मॉडेलने देशाला सांगितलं की साथ आटोक्यात येते आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यात अमरावती आणि अकोल्याला ती पुन्हा उसळली. या दोन गोष्टींमध्ये नातं आहे. ते उलगडून बघू.

दोन माणसं

अँडरसन ग्रे मॅकेन्ड्रिक हा एडिंबरोचा डॉक्टर, जन्म १८७६ चा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला आणि बरीच वर्षं हिंदुस्थानात राहिला. १९०१ मध्ये तो रोनाल्ड रॉसबरोबर मलेरियाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेला होता. रॉस म्हणजे तोच, ज्याने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधला. रॉसला गणिताचं वेड होतं. त्याचं म्हणणं असं की मलेरिया संपवायला शेवटचा डास मारायची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली की रोग आपोआप ओसरतो. त्या काळी डॉक्टर लोकांना हे पटत नव्हतं. मॅकेन्ड्रिकला पटलं. त्याने स्वतःच्या स्वतः उच्च गणित शिकून घेतलं. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करता करता (पुढे तो तिथला संचालकही झाला) फावल्या वेळात गणित चालू. १९२० मध्ये तब्येतीमुळे परत गेला आणि एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

तिथे त्याला विल्यम ओगिल्वी करमॅक भेटला. हा रसायनशास्त्रज्ञ, वयाने बावीस वर्षांनी लहान. १९२४ मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला, अल्कली डोळ्यांत गेलं आणि सव्विसाव्या वर्षी करमॅक पूर्ण आंधळा झाला. त्यानंतर त्याने जे गणित केलं ते डोक्यात, दुसऱ्यांकडून वाचून घेऊन. आपण इथे दोन मॉनिटर नसले तर कुरकुर करतो.

आधी विहिरीची गोष्ट

प्रसिद्ध पेपर १९२७ चा, पण माझ्या मते खरा हिरा त्याच्या आदल्या वर्षीचा आहे. १९२६ च्या एका लेखात मॅकेन्ड्रिकने इतर उदाहरणांबरोबर एका हिंदुस्थानी खेड्यातल्या पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, उदाहरण दिलं आहे. आकडे एवढेच:

गावात २२३ घरं. १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक रोगी, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन, आणि एका घरात चार. एकूण रोगी ८६.

आता विचार करा. सगळ्या २२३ घरांना सारखाच धोका असता, आणि ८६ रोगी त्यांच्यात नुसते नशिबाने वाटले गेले असते, तर काय दिसलं असतं? पॉयसाँच्या सूत्राने हे काढता येतं. साधारण १५२ घरं कोरी, ५८-५९ घरांत एकेक, ११ घरांत दोन-दोन, आणि तीन किंवा जास्त रोगी असलेली घरं एखाद-दुसरी. प्रत्यक्षात काय आहे? कोरी घरं जास्त, एकेक रोगी असलेली घरं जवळजवळ निम्मी, आणि दोन-तीन रोगी असलेली घरं पुन्हा जास्त. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय (इथे अक्षरशः).

मॅकेन्ड्रिकने काय केलं, तर १६८ या आकड्यावर विश्वासच ठेवला नाही. डेटाबेसवाल्यांना लगेच कळेल: शून्य वेगळं आणि नल वेगळं. काही घरांत शून्य रोगी आहेत कारण धोका होता पण सुटले. बाकीच्या घरांत शून्य आहे कारण त्यांना धोकाच नव्हता, ती मोजणीत यायलाच नको होती. दोघांची नोंद मात्र एकाच रकान्यात, एकाच आकड्याने झाली आहे. मग त्याने कोरी घरं बाजूला ठेवली आणि ३२, १६, ६, १ या आकड्यांवरूनच उलटं गणित मांडलं: हे असे आकडे यायला धोक्यातली घरं मुळात किती असायला हवीत? उत्तर आलं ९३.

९३ घरांत ८६ रोगी वाटून बघा. कोरी ३७, एकेकाची ३४, दोनाची १६, तीनाची ५, चाराचं १. प्रत्यक्षाशी इतकं जुळतं की मी दोनदा तपासलं.

आणि आता महत्त्वाचं. आकडा काढून तो थांबला नाही. त्याने अर्थ लावला: हा रोग पाण्यातून आला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात, आणि २२३ पैकी ९३ घरं एकाच विहिरीचं पाणी पीत असावीत, ती विहीर नासलेली आहे. स्थानिक चौकशी झाली. तसंच निघालं.

आज मशीन लर्निंगमध्ये ज्याला ईएम अल्गोरिदम म्हणतात, तो त्या नावाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅकेन्ड्रिकचं हे दीड पानी गणित त्याच्या पूर्वजांमध्ये मोजलं जातं. पण मला त्यातलं तंत्र नाही, वृत्ती आवडते. मॉडेलने असा दावा केला जो खोटा ठरू शकला असता, आणि मग कोणीतरी उन्हात चालत जाऊन विहीर बघितली. आमच्याकडे एखादा ज्युनियर "सर, लॉगवरून असं वाटतंय" म्हणायला लागला की आमचा अकोल्याचा लीड म्हणायचा, "वाटून काय होते? जाऊन पाह्य ना बे!" बस, तेच.

तीन डब्यांचं यंत्र

आता १९२७. करमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथींच्या गणिती सिद्धांतावर पेपर लिहिला. मूळ पेपर बराच व्यापक आहे. संसर्ग झाल्याला किती दिवस झाले त्यानुसार रोग्याची संसर्गक्षमता बदलते, हेसुद्धा त्यात धरलं आहे. पण जगाने त्यातली सगळ्यात सोपी आवृत्ती उचलली.

प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ही एक स्टेट मशीन आहे. प्रत्येक माणूस तीनपैकी एका डब्यात: रोग होऊ शकणारा, रोग असलेला, आणि खेळातून बाहेर पडलेला (बरा होऊन किंवा मरून). जायची वाट एकेरी. पहिल्या डब्यातून दुसऱ्यात किती जाणार ते पहिल्या आणि दुसऱ्या डब्यातल्या संख्यांच्या गुणाकारावर अवलंबून, कारण भेटी तितक्या होणार. दुसऱ्यातून तिसऱ्यात दर आठवड्याला एक ठराविक हिस्सा जाणार. संपलं. आज कुठल्याही भाषेत दहा ओळींचं कोड. लूपमध्ये फिरवा, आलेख काढा.

या दहा ओळींमधून एक फार मोठी गोष्ट निघाली. साथ संपते का? त्या वेळी दोन पक्ष होते. एक म्हणायचा, रोग होण्याजोगी माणसं संपतात म्हणून. दुसरा म्हणायचा, जंतूची ताकद ओसरते म्हणून. या दोघांनी दाखवलं की दोन्ही न होताही साथ संपू शकते. रोग होण्याजोगी माणसं एका उंबरठ्याखाली गेली की एका रोग्यामागे एकाहून कमी नवा रोगी होतो, आणि साथ विझायला लागते. शेकडो, हजारो माणसं अजून पहिल्या डब्यातच असतात. रॉसच्या डासांच्या मर्यादेचाच हा मोठा भाऊ. आपण ज्याला हर्ड इम्युनिटी म्हणतो त्या कल्पनेचं गणित इथे आहे.

संगणक तर नव्हताच, त्यामुळे समीकरण हाताने सुटण्याजोगं करायला त्यांनी एक अंदाजी रूप घेतलं. त्यातून दर आठवड्याच्या मृत्यूंसाठी सूत्र आलं, ते मुंबईच्या आकड्यांवर बसवलं, आणि मिळालं: ८९० × सेच²(०.२ × आठवडा − ३.४). सेच म्हणजे हायपरबोलिक सेकंट, घंटेसारखा आकार देणारं फलन. मृत्यूच का धरले? तर मुंबईत नोंद झालेल्या प्लेगच्या रोग्यांपैकी ८० ते ९० टक्के मरत होते, त्यामुळे मृत्यू आणि "खेळातून बाहेर" हे जवळपास एकच. वाचताना हे वाक्य पटकन निघून जातं. जाऊ देऊ नका.

सूत्र नीट वाचा. शिखर सतराव्या आठवड्यात, म्हणजे १९०६ च्या एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला ८९० मृत्यू. रेघेखालचं क्षेत्रफळ काढलं तर एकूण ८,९०० च्या आसपास. ठिपके रेघेवर बसतात. सुंदर.

रेघ बसली, पण कशावर?

मी एका शनिवारी हे सूत्र उलटं सोडवून बघितलं. सूत्रात आकडे तीन: उंची, रुंदी आणि शिखराची वेळ. पण मॉडेलमध्ये अज्ञात गोष्टी चार: सुरुवातीला रोग होण्याजोगी माणसं किती, पहिले रोगी किती, संसर्गाचा दर किती, आणि रोगी किती दिवस संसर्ग पसरवतो. तीन समीकरणांतून चार अज्ञात निघत नाहीत, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. म्हणजे एक आकडा आपण मनाने धरायचा.

समजा, रोगी आठवडाभर संसर्ग पसरवतो. मग त्यांच्या अंदाजी सूत्राने ढोबळमानाने उत्तर येतं की मुंबईत रोग होण्याजोगी माणसं सुमारे २२ हजार. साडेतीन दिवस धरले तर ३२ हजार. त्याच्याही निम्मे दिवस धरले तर ५४ हजार. रेघ तिन्ही वेळा तीच, हुबेहूब.

आणि त्या वेळी मुंबईची वस्ती? १९०१ च्या जनगणनेत पावणेआठ लाख, आणि तीही प्लेगच्या भीतीने लोक गावी पळालेले असताना. १९०६ च्या मोजणीत पावणेदहा लाखांवर. मग उरलेले नऊ लाख लोक कुठल्या डब्यात होते? त्यांना प्लेग का होऊ शकत नव्हता? पुन्हा तोच नल आणि शून्याचा प्रश्न.

उत्तर असं की हे मॉडेल माणसांचं नव्हतंच. ते उंदरांचं होतं. आणि हे लेखकद्वयाला पक्कं माहीत होतं! पेपरमध्ये त्यांनी स्पष्ट नोंदवलं आहे की माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं आम्ही धरतो, सगळे उंदीर सारखेच रोगप्रवण आहेत असं धरतो, संसर्गाचा आणि मृत्यूचा दर साथभर कायम राहिला असं धरतो, आणि यातलं काहीच काटेकोरपणे खरं नाही, त्यामुळे हे समीकरण फार तर ओबडधोबड अंदाज आहे. पुस्तकांनी आलेख उचलला आणि खालची ही टीप बऱ्याचदा तिथेच राहिली. कोड कॉपी-पेस्ट झालं, कमेंट गळून पडली. आपल्या धंद्यात हे रोज होतं.

उंदीर

प्लेग मुंबईत १८९६ मध्ये आला. पुढच्या वर्षी पुण्यात काय काय झालं ते आपण शाळेत शिकलो आहोत: घरझडत्या, रँडचा खून, आणि रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई फुले. सरकारी डोकं तेव्हा माणसांमागे लागलं होतं. रोगी शोधा, उचला, वेगळे ठेवा, घर धुऊन काढा. म्हणजे सरकारच्या मनातलं मॉडेल "माणसाकडून माणसाला" असं होतं.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरच्या पिसवा प्लेग नेतात. कोणी फारसं ऐकलं नाही. १९०५ मध्ये नवीन प्लेग संशोधन आयोग बसला आणि त्याने मुंबईत परळला राहून हे काम तडीस नेलं. त्यांचे प्रयोग वाचावेत असे आहेत. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचा एक पिंजरा जमिनीवर ठेवायचा, दुसरा दोन फूट वर टांगायचा. हवा तीच. जमिनीवरचे मरतात, वरचे जगतात, कारण पिसू तेवढी उंच उडी मारत नाही. आयोगाने शहरातले उंदीर गोळा करून लाखाच्या वर फाडून तपासले. क्रम असा दिसला: आधी गटारातल्या उंदरांमध्ये साथ, मग दहा-बारा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांमध्ये, आणि त्यानंतर तितक्याच दिवसांनी माणसांमध्ये.

आणखी एक गोष्ट त्यांच्या आलेखांत उघड दिसते. हा प्लेग दर वर्षी यायचा. डिसेंबर-जानेवारीत चढायचा, मार्च-एप्रिलमध्ये शिखर, जूनपर्यंत उतरायचा, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा हजर. रोग होण्याजोगे संपले म्हणून साथ संपली असती, तर दर वर्षी ठरल्या महिन्यातच कशी उतरली असती? उतरत होती ती मुख्यतः हवामानामुळे. उन्हाळा तापला की पिसवांचं जगणं आणि जंतू पसरवणं अवघड होतं. म्हणजे मॉडेलमध्ये कॉन्स्टंट म्हणून हार्डकोड केलेली गोष्ट प्रत्यक्षात ऋतूप्रमाणे बदलणारा व्हेरिएबल होती. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने नेमकं हेच मांडलं. पाठ्यपुस्तकातल्या त्या गाजलेल्या उदाहरणाची त्याने पुन्हा उलटतपासणी केली, उंदीर, पिसवा आणि ऋतू धरून वेगळं मॉडेल केलं, आणि दाखवलं की जुनी रेघ जुळते म्हणून जुनं कारण खरं होत नाही.

मुंबईच्या गिरण्यांना कापूस आमच्याकडूनही जायचा. अकोला, अमरावती, खामगावच्या पेठांमधून गठाणी रेल्वेने मुंबईला. त्याच रेल्वेच्या वाटेने प्लेग वऱ्हाडातही पोचला. आणि इथल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचा नियम काय होता? घरात उंदीर पडायला लागले (पडायला म्हणजे मरून पडायला) की गाव सोडायचं. शेतात झोपड्या टाकायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. महाराष्ट्रभर लोक असंच करत. यात समीकरण नाही, सेच-बिच काही नाही. पण बघा, योग्य व्हेरिएबल आहे, आणि माणसांच्या साथीआधी दहा-बारा दिवस मिळणारा इशारा आहे. विलायतेहून आलेल्या साहेबांच्या पहिल्या मॉडेलमध्ये दोन्ही नव्हतं.

फेब्रुवारी २०२१

आता शंभर वर्षं ओलांडून या. २०२० मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने कोविडच्या मॉडेलसाठी एक राष्ट्रीय समिती नेमली. अध्यक्ष एम. विद्यासागर, सोबत आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर आणि इतर. त्यांच्या मॉडेलला पुढे "सूत्र" हे नाव मिळालं. घराणं करमॅक-मॅकेन्ड्रिकचंच, फक्त रोग्यांचे दोन डबे: चाचणीत सापडलेले आणि न सापडलेले. कल्पना चांगली होती. न सापडलेले रोगी धरणं आवश्यकच होतं.

ऑक्टोबर २०२० मध्ये समितीने सांगितलं की देशातली साथ सप्टेंबरमध्ये शिखर गाठून उतरणीला लागली आहे, आणि नियम पाळत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस नवीन रोगी अगदी थोडे उरतील. निष्काळजीपणा केला तर आकडे उसळतील, हा इशाराही त्यांनी दिला होता, तो न सांगणं अन्यायाचं होईल. मॉडेलचा अंदाज होता की देशातल्या ३० टक्के लोकांना तोवर संसर्ग होऊन गेला आहे, आणि फेब्रुवारीपर्यंत तो आकडा ५० टक्क्यांकडे जाईल.

इथे विहीर बघायची सोय होती. आयसीएमआरने डिसेंबर-जानेवारीत देशभर रक्ताचे नमुने तपासले. दहा वर्षांवरच्या लोकांत संसर्ग होऊन गेल्याची खूण सापडली ती २१.५ टक्के जणांत. प्रतिपिंडं काळाने कमी होतात वगैरे सगळं धरलं तरी, पाचातला एक आणि दोनातला एक यात फरक आहे. पहिल्या डब्यात अजून प्रचंड माणसं शिल्लक होती. हा आकडा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाहीर झाला. देश तोवर "संपलं बुवा" या मूडमध्ये गेला होता.

आणि त्याच फेब्रुवारीत अमरावती पेटली. देशाचा आलेख तळाशी सपाट, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीमचा वर जाणारा. २२ फेब्रुवारीच्या संध्याकाळपासून अमरावती आणि अचलपुरात आठवड्याचं लॉकडाऊन लागलं, अकोल्यासह विभागातल्या इतर जिल्ह्यांतही निर्बंध आले. पुण्या-मुंबईचे मित्र फोनवर विचारायचे, "तुमच्याकडेच काय झालंय?" जणू वऱ्हाडाला काही वेगळीच हवा लागली होती. महिन्या-दीड महिन्यात कळलं की आमच्याकडेच काही झालं नव्हतं, फक्त आमच्याकडे आधी दिसलं होतं.

२४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र असलेला विषाणू १५ ते २० टक्के नमुन्यांत सापडतो आहे. हे बी.१.६१७ कूळ. त्याच कुळाच्या एका फांदीला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने नाव दिलं: डेल्टा. एप्रिलच्या सुरुवातीला मॉडेलचा अंदाज होता की दुसरी लाट एप्रिलच्या मध्याच्या सुमारास शिखरावर जाईल, रोजचे साधारण लाखभर रोगी. प्रत्यक्षात शिखर मेच्या पहिल्या आठवड्यात आलं, दिवसाला चार लाखांवर. त्या दिवसांत ऑक्सिजनसाठी कोण कुठे फिरलं ते इथे पुन्हा लिहीत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरात ते आहे.

मॉडेलमुळे लाट आली असं मी म्हणत नाहीये. निवडणुका, लग्नं, गर्दी, विषाणूतला बदल, लसीकरण जेमतेम सुरू झालेलं, सगळं होतं. पण मॉडेल कुठे तुटलं ते बघा. संसर्गाचा दर कायम राहील हे गृहीतक: विषाणू बदलला. सगळे लोक सारखे मिसळतात हे गृहीतक: देशाच्या सरासरीत अमरावती विभाग बुडून गेला. (सर्व्हरची सरासरी लेटन्सी हिरवी दाखवतेय आणि एका विभागातले ग्राहक बोंबलतायत, हे ज्याने भोगलंय त्याला वेगळं सांगायला नको.) समितीतल्या मंडळींनी नंतर सांगितलं की पॅरामीटर्स वेगाने बदलत असताना मॉडेलला ते आधी कळू शकत नाहीत. अगदी बरोबर. १९२७ च्या पेपरमधल्या त्या टीपेतही तेच होतं.

मग मॉडेल करायचंच नाही का?

करायचं. नक्की करायचं. रॉसची मर्यादा, १९२७ चा उंबरठा, लस किती टक्के लोकांना द्यायची हे गणित, यांनी असंख्य जीव वाचवले आहेत. आज जीवशास्त्रात पेशीच्या आतल्या रसायनांपासून जंगलातल्या प्राण्यांपर्यंत सगळ्याचं संगणकात मॉडेल होतं. पेट्री नेट, एजंट मॉडेल, मॉडेल चेकिंग, आपल्याकडची सगळी हत्यारं तिकडे गेली आहेत.

पण फॉर्मल मेथड्सवाले एक फरक पहिल्या दिवशी शिकवतात, तो तिकडे नेताना सांडतो. प्रोग्राम स्पेसिफिकेशनप्रमाणे चालतो हे सिद्ध करता येतं. तीन डब्यांची बेरीज कायम एकूण वस्तीइतकीच राहते, हे मी कागदावर सिद्ध करून देतो. स्पेसिफिकेशन जगाप्रमाणे आहे की नाही, हे मात्र कुठल्याही प्रूव्हरने सिद्ध होत नाही. आणि रेघ ठिपक्यांवर बसली हा त्याचा पुरावा नाही. मुंबईची रेघ बसलीच होती की. तीन वेगवेगळ्या मुंबया धरल्या तरी बसत होती.

म्हणून मला तो १९२६ चा पेपर १९२७ च्या पेपरपेक्षा जवळचा वाटतो. दोन्हीकडे माणूस तोच आणि हुशारी तीच. फरक इतकाच की ९३ हा आकडा एका ठिकाणाकडे बोट दाखवत होता, आणि तिथे कोणी गेलं तर तो खोटा पडू शकत होता. जे मॉडेल "इथे जा, हे मोजा, नाही सापडलं तर मी चूक" असं म्हणतं, ते चुकलं तरी उपयोगाचं. डिसेंबर-जानेवारीतलं रक्त हे तसं मोजमाप होतं. फेब्रुवारीतली अमरावतीही होती.

असो. लेख लांबला. जाता जाता मॅकेन्ड्रिकची रीत देऊन ठेवतो, स्प्रेडशीटमध्ये पाच मिनिटांचं काम आहे. प्रत्येक घरातल्या रोग्यांची बेरीज करा: ३२ + ३२ + १८ + ४ = ८६. मग प्रत्येक घरातल्या रोग्यांच्या संख्येचा वर्ग घेऊन बेरीज करा: ३२ + ६४ + ५४ + १६ = १६६. आता ८६ चा वर्ग भागिले (१६६ − ८६). येतात ९२.४५, म्हणजे ९३ घरं. कोरी १६८ घरं यात कुठेच लागली नाहीत, हे लक्षात घ्या. तुमच्याकडच्या कुठल्याही डेटात ढीगभर शून्यं असतील, बग रिपोर्ट असोत की बोंडअळीने पोखरलेली बोंडं, तर एकदा हे करून बघा. आणि आकडा आला की लॅपटॉप बंद करून त्या ठिकाणी जाऊन या.